नितळ पाणी आणि निर्मळ पाणी

जबलपूर शहराच्या पूर्व भागात कांचघर नावाची एक वस्ती आहे. या नावाचा अर्थ समजण्यासाठी कोश उघडावा लागत नाही. मनुष्याने घडविलेल्या वस्तूंमध्ये काचेइतकी नितळ वस्तू क्वचितच सापडेल. म्हणूनच पाण्याची वाखाणणी करताना ‘काचेसारखे पाणी’ असे आपल्याकडे सहज म्हटले जाते. पाण्याविषयी मराठीत दोन शब्द जवळजवळ जोडीनेच वापरण्यात येतात : नितळ आणि निर्मळ. पहिल्या शब्दाची कसोटी डोळ्यांनी होते. पाण्यातून तळ दिसला की ते नितळ ठरले. दुसऱ्या शब्दाची कसोटी अधिक कठीण आहे. ज्यात मळ नाही ते निर्मळ. आणि मळ हा नेहमी दिसतोच असे नाही. कांचघरातील एखाद्या घरी पेल्यात ओतलेले पाणी नितळ आहे किंवा नाही हे लहान मूलही सांगू शकेल. ते निर्मळ आहे काय, याचे उत्तर हवे असेल तर मात्र ते पाणी जेथून आले तेथवर, म्हणजे दूरचा ओढा, त्याच्या काठचा गोठा, शेत आणि विहीर येथपर्यंत माग काढीत जावे लागते.

जबलपूरच्या पाणीपुरवठ्यात खंदारी व परियट या दोन जुन्या जलाशयांचा आणि नर्मदा नदीचा वाटा आहे. परियट ही लहानशी नदी पुढे हिरण नदीस मिळते आणि हिरण नर्मदेस मिळते. गौर नावाची आणखी एक नदी शहराजवळच नर्मदेत येऊन पडते. नळाच्या तोटीपाशी उभ्या असलेल्या माणसाला ही नावे निरनिराळी वाटतात. पाण्याच्या दृष्टीने मात्र हे सारे एकच कुटुंब आहे.

खोरे म्हणजे काय

नदी ही नकाशावर निळ्या रेघेने दाखविण्याची वस्तू आहे, अशी शाळेपासून आपली समजूत झालेली असते. पाण्याची परीक्षा करणाऱ्या शास्त्रज्ञाच्या लेखी ती रेघ गौण होय. त्याचे लक्ष असते ते खोऱ्याकडे. ज्या सर्व जमिनीवर पडलेला पाऊस उताराने वाहत अखेर एकाच प्रवाहात येतो, ती सर्व जमीन म्हणजे त्या प्रवाहाचे खोरे. नर्मदा अमरकंटकच्या डोंगरावर समुद्रसपाटीपासून सुमारे १,०५० मीटर उंचीवर उगम पावते आणि १,३१२ किलोमीटर वाहत जाऊन भडोचजवळ खंबायतच्या आखातास मिळते. तिचे खोरे जवळजवळ ९९ हजार चौरस किलोमीटरांचे, म्हणजे महाराष्ट्राच्या क्षेत्रफळाच्या सुमारे एकतृतीयांश आहे. जबलपूरच्या वरच्या अंगाला मंडला जिल्ह्यात बुढनेर आणि बंजर या नद्या तिला मिळतात. त्यानंतर बरगीच्या धरणाचा विस्तीर्ण जलाशय लागतो, आणि शहर ओलांडल्यावर भेडाघाटच्या संगमरवरी कड्यांमधून धुवांधार धबधब्याने ती खाली उतरते. हा धबधबा पाहण्यास दुरून लोक येतात. पाण्याच्या परीक्षकाला त्यापेक्षा वरच्या अंगाचे नावही नसलेले ओहोळ अधिक महत्त्वाचे वाटतात, याचे कारण पुढे येईल.

खोऱ्यातील पाण्याची नोंद ठेवण्यासाठी केंद्रीय जल आयोगाने नदीवर ठिकठिकाणी केंद्रे उभारली आहेत. नर्मदेवर जमतरा येथे आणि हिरणेवर पाटण येथे अशी केंद्रे आहेत. तेथे पाण्याची पातळी व प्रवाहाचा वेग मोजतात आणि पाण्याचे नमुनेही घेतात. या दोन कामांची सांगड का घालावी लागते, हे एका साध्या हिशेबाने स्पष्ट होईल. समजा, एका नाल्यातून दर सेकंदास १०० लिटर पाणी वाहते आणि त्याच्या प्रत्येक लिटरात ५० मिलिग्रॅम मळ आहे. शेजारच्या नदीतून दर सेकंदास १०,००० लिटर पाणी वाहते आणि तिच्या लिटरात मळ केवळ २ मिलिग्रॅम आहे. नाला काळा दिसतो व नदी स्वच्छ दिसते. परंतु नाल्यातून दर सेकंदाला ५ ग्रॅम मळ जातो, तर नदीतून २० ग्रॅम! नाल्याची घाण सर्वांना दिसते आणि तिच्याविषयी तक्रारही होते. नदीचा हा मोठा भार कोठून आला, हे मात्र कोणी विचारीत नाही. तो शेकडो लहान ठिकाणांहून थोडा थोडा आलेला असतो. ग्रामीण खोऱ्याची खरी अडचण हीच आहे. कारखान्याच्या नळाकडे बोट दाखविता येते. पाचशे गावांची परसदारे, उकिरडे व शेते यांच्याकडे बोट दाखविणे तितके सोपे नाही.

बाटली कशी भरतात

पाण्याचा नमुना घेणे हे काम कोणालाही जमेल असे वाटते, आणि म्हणूनच त्यात सर्वांत अधिक चुका होतात. काठाशी साचलेले पाणी हे नदीचे पाणी नव्हे. शक्य असेल तेथे प्रवाहाच्या मध्यभागी, पृष्ठभागाखाली सुमारे ३० सेंटिमीटरवर, बाटलीचे तोंड प्रवाहाच्या दिशेस समोर धरून ती भरावी लागते. साध्या रासायनिक परीक्षेची बाटली त्याच पाण्याने आधी दोन-तीन वेळा विसळून घेतात. जंतूंच्या परीक्षेची बाटली मात्र उष्णतेने निर्जंतुक केलेली असल्यामुळे ती विसळावयाची नसते. तिच्या बुचाच्या आतील बाजूस बोट लागले तरी परीक्षा वाया गेली असे समजावे. प्राणवायूच्या परीक्षेची बाटली भरताना आत हवेचा एक बुडबुडाही राहू देत नाहीत. नंतर बर्फाच्या पेटीत ठेवून नमुने प्रयोगशाळेत न्यावयाचे आणि जंतूंची परीक्षा २४ तासांच्या आत सुरू करावयाची. खेड्यापाड्यांतून, कच्च्या रस्त्यांनी, वैशाखाच्या उन्हात हे सर्व पार पाडणाऱ्या परिचराचे नाव अहवालात छापले जात नाही. पण त्याच्या हाताची शिस्त सुटली तर पुढचे सर्व आकडे केवळ शोभेचे ठरतात.

नमुन्याचे स्थळही विचारपूर्वक निवडावे लागते. नाला नदीला मिळतो त्या ठिकाणीच बाटली भरली तर नाल्याचेच पाणी मिळेल. नाल्याच्या वर एक नमुना, आणि खाली दोन्ही पाणी पूर्ण मिसळल्यावर दुसरा, असे दोन नमुने घेतले म्हणजे नाल्याने काय भर घातली ते कळते. ऋतूचेही तसेच आहे. उन्हाळ्यात प्रवाह रोडावतो व थोडी घाणही भारी पडते. पावसाळ्यात पाणी मुबलक असते, पण पहिल्या मोठ्या पावसाबरोबर आठ महिन्यांत जमिनीवर साचलेले सर्व काही एका दमात नदीत उतरते. वर्षातून एकदा, सोयीच्या थंडीच्या दिवसांत घेतलेला नमुना हा माणसाने सणावाराला काढून घेतलेल्या छायाचित्रासारखा असतो. तो खोटा नसतो. पण रोजचा चेहराही दाखवीत नाही.

पाण्याचा श्वास

मासा पाण्यात जगतो तो पाण्यात विरघळलेल्या प्राणवायूवर. ही शिदोरी किती तुटपुंजी असते, याची कल्पना सहसा नसते. एक लिटर हवेत सुमारे २८० मिलिग्रॅम प्राणवायू असतो. २७ अंश उष्णतेच्या एक लिटर पाण्यात तो फार तर ८ मिलिग्रॅम मावतो. पाणी जितके उष्ण तितकी ही मर्यादा आणखी खाली येते. म्हणून आपल्याकडील नदीला यूरोपातील नदीइतकी घाण सोसण्याची ताकद निसर्गतःच नसते.

हा प्राणवायू मोजण्याची रीत लायोश विंक्लर या हंगेरियन रसायनशास्त्रज्ञाने १८८८ साली शोधून काढली आणि ती आजही वापरात आहे. काठोकाठ भरलेल्या बाटलीत मँगॅनीजचा क्षार आणि आयोडाइडयुक्त दाहक द्रव टाकतात. पाण्यात प्राणवायू असेल तर तपकिरी रंगाचा साका बसतो. मुळीच नसेल तर तो पांढराच राहतो. पुढे आम्ल मिसळले की प्राणवायूच्या प्रमाणात आयोडीन मोकळे होते. त्यात पिष्टाचे थेंब टाकून निळा रंग आणतात आणि तो नाहीसा होण्यास किती थायोसल्फेट लागले यावरून प्राणवायूचा हिशेब मांडतात. ही परीक्षा शाळेच्या प्रयोगशाळेत सहज करून दाखविता येते. गावच्या ओढ्याचे आणि शाळेच्या विहिरीचे पाणी शेजारी शेजारी ठेवून पाहिल्यास दोन बाटल्यांतील रंगांचा फरक विद्यार्थी विसरणार नाहीत.

आता हे पाणी अंधारात, ठरावीक उष्णतेवर काही दिवस ठेवून पुन्हा मोजले तर प्राणवायू कमी झालेला आढळतो. पाण्यातील सूक्ष्म जंतू शेण, मैला, कुजका पालापाचोळा यांसारखे सेंद्रिय द्रव्य खातात आणि ते पचविताना प्राणवायू वापरतात. जितके द्रव्य अधिक तितकी त्याची मागणी अधिक. या मागणीलाच जैवरासायनिक प्राणवायू-मागणी असे नाव आहे. इंग्लंडमध्ये सांडपाण्याविषयी नेमलेल्या शाही आयोगाने १९१२ च्या अहवालात या परीक्षेसाठी पाच दिवसांची मुदत घेतली. तेथील कोणत्याही नदीचे पाणी उगमापासून समुद्रास पोहोचण्यास पाच दिवसांहून अधिक लागत नाहीत, म्हणून ही मुदत ठरली असे सांगितले जाते. अमरकंटकहून निघालेल्या पाण्याला पाच दिवसांत समुद्र कोठून दिसणार! आपल्याकडे हवामानाचा विचार करून २७ अंशांवर तीन दिवसांची परीक्षा मानक म्हणून स्वीकारली आहे.

नदी आपले पाणी आपणच काही अंशी शुद्ध करते, ही गोष्ट खरी आहे. खडकांवरून आपटत जाणारे पाणी हवेतून पुन्हा प्राणवायू घेते. धुवांधारसारखा धबधबा या दृष्टीने नदीचा मोठाच श्वास होय. परंतु घाणीचा खप प्राणवायूच्या आवकेपेक्षा वाढला की नदीचा तो भाग गुदमरतो. लंडनमधून वाहणाऱ्या टेम्स नदीची १९५७ साली पाहणी झाली तेव्हा शहराच्या भागातील मोठ्या अंतरात मासे आढळलेच नाहीत. पुढे सांडपाणी शुद्ध करण्याची केंद्रे सुधारल्यावर तेथे मासे परतले. यावरून असे दिसते की प्राणवायूअभावी गुदमरलेली नदी पुन्हा श्वास घेऊ शकते; मात्र भार काढून घेतल्यावाचून नव्हे.

परियट व गौर या नद्यांची कहाणी याच प्रकारची आहे. त्यांच्या काठांवर मोठमोठ्या दुग्धशाळा आहेत. एक म्हैस दिवसाला साधारणपणे १५ ते २० किलो शेण टाकते. हजार म्हशी असल्या तर रोजचे १५ ते २० टन होतात. यांतील बराचसा भाग गोठे धुण्याच्या पाण्याबरोबर वाहत नदीत जाऊ लागला, आणि हा प्रश्न अखेर राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणापुढे गेला. शहराला दूध हवे असते, दूधवाल्याला गोठे धुण्यासाठी पाणी हवे असते, आणि उतार नदीकडे असतो. यात कोणी दुष्ट हेतूने वागतो असे नाही. पण हेच शेण शेतात पडले तर खत होते आणि बंद टाकीत कुजविले तर जळणाचा वायू देते. शेणापासून वायू मिळविण्याचे प्रयोग दिल्लीच्या कृषी संशोधन संस्थेत एस. व्ही. देसाई यांनी १९३९ मध्ये केले होते, आणि खादी व ग्रामोद्योग आयोगाने १९६० नंतर अशा वायुयंत्रांचा देशभर प्रसार केला. म्हणजे शास्त्राला उपाय ठाऊक नाही अशी स्थिती नव्हती व नाही. अडचण आहे ती खर्चाची, जागेची आणि नदीत सोडणे फुकट पडते या सोयीची.

न दिसणारे जंतू आणि काळी पडणारी बाटली

प्राणवायू भरपूर आहे म्हणून पाणी पिण्यास योग्य ठरत नाही. उगमाजवळच्या थंड, खळाळत्या ओढ्यातही वरच्या वाडीतील कोणा रोग्याच्या मैल्यातून पटकीचे वा विषमज्वराचे जंतू येऊ शकतात. रोगजंतू एकेक शोधीत बसणे व्यवहार्य नसल्यामुळे परीक्षक कोलिफॉर्म नावाच्या जंतूंचा शोध घेतात. यांतील काही जाती मनुष्याच्या व जनावरांच्या आतड्यांत कोट्यवधींनी राहतात. त्या पाण्यात सापडल्या म्हणजे मैला तेथवर पोहोचण्यास वाट आहे, हे सिद्ध होते. वाट असेल तर आज ना उद्या त्याच वाटेने रोगही येईल.

या परीक्षेस निर्जंतुक साहित्य, उष्णतापेटी आणि शिकलेला माणूस लागतो. खेड्यात हे तिन्ही मिळणे कठीण. ग्वाल्हेर येथील संरक्षण संशोधन संस्थेतील मांजा, मौर्य व राव या शास्त्रज्ञांनी १९८२ साली एक सोपी युक्ती प्रसिद्ध केली. मैल्यात असणारे अनेक जंतू गंधकाच्या संयुगांपासून हायड्रोजन सल्फाइड वायू तयार करतात. लोहाचा क्षार असलेल्या द्रवात भिजवून सुकविलेली कागदाची पट्टी निर्जंतुक बाटलीत घालून ठेवतात. बाटलीत पाणी भरून ती उबदार जागी एक-दोन दिवस ठेवली, आणि पाणी काळे पडले, तर ते पिऊ नये. येथे नितळ पाणी स्वतःच आपला मळ डोळ्यांना दाखविते. ही परीक्षा प्रयोगशाळेची जागा घेऊ शकत नाही, कारण जंतू किती हे ती सांगत नाही. पण घरातील बाईला आणि सरपंचाला आकड्यापेक्षा काळी बाटली लवकर पटते. २०१९ साली सुरू झालेल्या जल जीवन मोहिमेत प्रत्येक गावातील पाच स्त्रियांना अशा सोप्या परीक्षा शिकविण्याची योजना आखण्यात आली. पाणी भरते कोण याचा विचार केला तर ही निवड योग्यच म्हटली पाहिजे.

मैल्याची वाट बंद करण्याच्या कामात महाराष्ट्राचा अनुभव सांगण्यासारखा आहे. कणकवलीजवळ गोपुरी येथे आप्पासाहेब पटवर्धन यांनी स्वस्त संडास आणि सोनखत यांवर आयुष्य वेचले. डॉ. एस. व्ही. मापुस्कर हे १९६० च्या सुमारास इंद्रायणीकाठच्या देहू गावी वैद्यकीय अधिकारी म्हणून आले. त्यांनी आरंभी बांधविलेले संडास पावसात ढासळले. तरीही त्यांनी काम सोडले नाही. आप्पासाहेबांच्या अनुभवाचा आधार घेऊन त्यांनी रचना बदलली, घरोघर समजूत घातली, आणि मैल्यापासून वायू देणारी यंत्रेही उभारली. या कामास दोन दशके लागली. २०१७ साली त्यांना मरणोत्तर पद्मश्री देण्यात आली. नदीच्या पाण्यात सुधारणा होते ती बहुधा अशा नदीपासून दूरच्या, परसदारी चालणाऱ्या कामामुळे. आणि म्हणूनच ती मोजपट्टीवर उशिरा दिसते.

कायद्याविषयी थोडक्यात सांगावयाचे तर महाराष्ट्राने जलप्रदूषणाविरुद्ध आपला स्वतंत्र कायदा १९६९ सालीच केला. सर्व देशासाठी कायदा १९७४ मध्ये झाला आणि केंद्रीय मंडळ त्याच वर्षी स्थापन झाले. त्या मंडळाने पाण्याचे उपयोगानुसार पाच वर्ग पाडले आहेत. केवळ जंतुनाशन करून पिता येईल असे पाणी ‘अ’ वर्गात मोडते. त्याच्या लिटरात प्राणवायू किमान ६ मिलिग्रॅम, जैवरासायनिक मागणी २ मिलिग्रॅमपर्यंत, आणि १०० मिलिलिटरमध्ये कोलिफॉर्म जंतू ५० पर्यंतच चालतात. स्नानाच्या घाटासाठी या मर्यादा अनुक्रमे ५, ३ आणि ५०० अशा आहेत. जबलपूरच्या ग्वारीघाटावर किंवा तिलवाराघाटावर उतरणाऱ्या भाविकाला हे आकडे ठाऊक नसले तरी त्याच्या आरोग्याची हमी त्यांतच आहे.

तिलाईपाणी

येथवर वर्णिलेल्या सर्व परीक्षांत उत्तीर्ण झालेले, नितळ, थंड, रुचकर आणि जंतुरहित पाणीही मुलांचे पाय वाकडे करू शकते, ही गोष्ट नर्मदेच्या याच खोऱ्यात दिसून आली. मंडला जिल्ह्यात तिलाईपाणी नावाचे एक लहान गाव आहे. हा मुलूख गोंड व बैगा लोकांचा. त्या गावातील अनेक मुलांच्या दातांवर तपकिरी डाग पडले होते. त्याहून भयंकर म्हणजे कित्येकांचे गुडघे आत वळून एकमेकांवर घासत आणि पावले बाहेर फेकली जात. चालणे कष्टाचे झाले होते. जबलपूर येथे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने १९८४ मध्ये आदिवासींच्या आरोग्यासाठी संशोधन केंद्र स्थापन केले होते. आज ती राष्ट्रीय पातळीची संस्था आहे. तेथील डॉ. तापस चकमा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गावाची पाहणी करून १९९७ साली आपले निष्कर्ष प्रसिद्ध केले. दोष पाण्यातील फ्लोराइडचा होता. मानकानुसार लिटरमागे १ मिलिग्रॅम फ्लोराइड इष्ट मानले जाते, आणि दुसरा उपाय नसेल तर दीड मिलिग्रॅमपर्यंत चालवून घेतले जाते. तिलाईपाणीच्या पाण्यात ते या मर्यादेच्या कित्येक पट होते.

फ्लोराइड कोणी बाहेरून आणून टाकलेले नव्हते. खडकांतील काही खनिजांत ते मुळातच असते. भूगर्भात पाणी जितका अधिक काळ खडकाशी खेळत राहील आणि त्यात चुन्याचा अंश जितका कमी असेल, तितके फ्लोराइड त्यात अधिक उतरते. ओढ्याच्या किंवा उथळ विहिरीच्या पाण्याला असा सहवास क्वचितच मिळतो. खोल विंधन विहिरीच्या पाण्याला तो पुष्कळ मिळतो. येथे एक दुःखद विसंगती आहे. विंधन विहिरी आणि हातपंप गावोगाव बसविण्यात आले ते पटकी व अतिसार यांपासून लोकांना वाचविण्यासाठी, आणि लक्षावधी जीव त्यांनी खरोखरच वाचविले. आज देशभर दिसणाऱ्या ‘इंडिया मार्क दोन’ या हातपंपाचा पूर्वज सोलापूरला घडला, ही मराठी वाचकाला अभिमानाची गोष्ट वाटावी. परंतु खोल जाताना जंतूंची भीती मागे पडली आणि काही ठिकाणी खनिजाची भीती पुढे आली. बोअर मारताना पाणी लागले की नाही एवढेच पाहिले जाई. त्यात काय विरघळले आहे, हे पाहण्याची रीत फार उशिरा पडली.

नदीवरील केंद्रांच्या नोंदींत या दुखण्याचा मागमूस लागणे शक्य नव्हते. नदीचे पाणी चांगले होते, आणि गाव नदीचे पाणी पीतच नव्हते. खोऱ्याची परीक्षा म्हणजे प्रवाहाची परीक्षा अशी समजूत धरली तर अशी गावे नकाशावर कोरीच राहतात.

हा रोग भारताला नवा नव्हता. मद्रास इलाख्यातील नेल्लोर भागात शॉर्ट यांनी १९३७ साली त्याचे वर्णन केले होते. गुडघे आत वळण्याचा प्रकार हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेतील कृष्णमाचारी व कृष्णस्वामी यांनी १९७३ मध्ये नलगोंडा भागातून नोंदविला. महाराष्ट्रातही चंद्रपूर, यवतमाळ व नांदेड या जिल्ह्यांतील काही गावांच्या पाण्यात फ्लोराइड अधिक आढळले आहे. नागपूर येथे १९५८ साली स्थापन झालेल्या आणि आज ‘नीरी’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या संस्थेने फ्लोराइड काढण्याची एक घरगुती रीत सिद्ध केली. पाण्यात चुना, विरंजक चूर्ण व तुरटी ठरावीक प्रमाणात घालून ढवळावयाचे आणि साका बसला की वरचे पाणी काढून घ्यावयाचे. त्या पीडित भागाच्या नावावरून तिला नलगोंडा पद्धत म्हणतात. पद्धत स्वस्त आहे, पण ती रोज, न चुकता, मापाने करावी लागते, आणि खाली उरलेल्या गाळाची विल्हेवाटही लावावी लागते. जवळपास कमी फ्लोराइडचे दुसरे पाणी मिळत असेल तर तेच आणणे शहाणपणाचे. येथे एक गोष्ट शाळांनी मुलांना अवश्य सांगावी : पाणी उकळल्याने जंतू मरतात, फ्लोराइड जात नाही. उलट वाफ उडून गेल्यामुळे उरलेल्या पाण्यात त्याचे प्रमाण वाढते.

जबलपूरच्या संशोधकांनी आणखी एका गोष्टीकडे लक्ष दिले, आणि ती विशेष उद्बोधक आहे. एकच पाणी पिणाऱ्या दोन मुलांपैकी ज्याच्या आहारात चुन्याचा अंश म्हणजे कॅल्शियम, लोह व क जीवनसत्त्व कमी, त्याची हाडे लवकर वाकतात. कॅल्शियम असले की फ्लोराइडचा काही भाग आतड्यातच अडतो आणि शरीराबाहेर जातो. म्हणून सुरक्षित पाण्याच्या जोडीला आहार सुधारण्याचा प्रयत्न झाला. त्यासाठी दूर जावे लागले नाही. पावसाळ्यात माळरानावर आपोआप उगवणारी एक भाजी कॅल्शियमने समृद्ध असल्याचे त्यांना आढळले. कोकणात तिला टाकळा म्हणतात, विदर्भात तरोटा. मंडल्यात तिला चकोडा हे नाव आहे. तिची पाने वाळवून वर्षभर वापरता येतात, आणि क जीवनसत्त्वासाठी आवळा तर त्या रानांत आहेच. वाढत्या वयातील हाडे सतत नव्याने घडत असतात. त्यामुळे लहानपणीच पाणी बदलले व आहार सुधारला तर नुकसान बरेच आटोक्यात राहते. मोठ्या माणसाच्या कडक झालेल्या सांध्यांच्या बाबतीत मात्र अशी आशा धरता येत नाही. परीक्षेला लागलेला विलंब येथे वर्षांनी मोजावा लागतो, आणि ती वर्षे मुलांच्या वयातून वजा होतात.

एकदा पाणी तपासले म्हणजे काम संपले असेही नाही. एकाच पंपाच्या पाण्यातील फ्लोराइड पावसाळ्यापूर्वी आणि नंतर वेगवेगळे असू शकते. शेजारच्या दोन पंपांतही मोठा फरक पडतो. यासाठी प्रत्येक स्रोताची स्वतंत्र नोंद ठेवून ऋतूमागून ऋतू ती पाहावी लागते. सदोष पंप बंद करावा, किंवा निदान त्यावर तांबडा रंग लावून हे पाणी पिण्याचे नव्हे अशी खूण करावी, अशी रीत काही ठिकाणी आहे. भांडी घासण्यास व जनावरे धुण्यास तो पंप चालू ठेवतात. मग ज्येष्ठातल्या दुपारी शाळेतून परतणारे मूल त्या तांबड्या पंपाशी थांबते. दांडा हापसला की थंड आणि अगदी नितळ पाणी येते. चांगल्या पाण्याची विहीर जर गावाच्या दुसऱ्या टोकाला असेल, तर ते मूल कोठले पाणी पिईल हे ठरविण्यास प्रयोगशाळा लागत नाही. म्हणूनच नवा स्रोत निवडताना पाण्यातील फ्लोराइडच्या आकड्याशेजारी आणखी एक आकडा लिहावा लागतो : घरापासून त्या पाण्यापर्यंतचे अंतर.